फुकटचा मास्तर

धीरजचं लग्न जुळत नव्हतं, म्हणून त्याला लाओसला जावं लागलं. सिंदी रेल्वे या गावात ज्यांच्या घरी लग्नाचा मुलगा आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. मुलीकडची मंडळी पोहे संपवून हात पुसता पुसता विचारत, "पोरगा बाहेर राह्यला काय कधी?" धीरजच्या वडिलांचा, सदाशिवरावांचा, कापसाचा व्यापार जुना, पण बाहेर म्हणजे नागपूर नव्हे हे त्यांनाही उमगलं होतं.

शेवटी एका संस्थेनं धीरजला लाओसच्या एका खेड्यात स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला घेतलं. पगार नाही, राहणं-जेवण तेवढं त्यांचं. संस्थेनं हसऱ्या चेहऱ्याचा फोटो मागितला. इंग्रजी येतं का, हे कुणी विचारलं नाही. इकडे आई सुमित्राबाईंनी गावभर सांगून टाकलं, "आमचा धीरज फॉरेनले प्रोफेसर झाला."

प्रोफेसरानं तिकडे पहिला आठवडा काळ शिकवले. भूतकाळ, भविष्यकाळ, चालू काळ. पोरं गुणी होती, जांभयासुद्धा तोंडावर हात ठेवून देत. एका दुपारी मात्र धीरजचं डोकं फिरलं. त्यानं नोई नावाच्या मुलीची छत्री उचलली, बाकावर चढला आणि बापाचा बाजारातला आवाज काढून लिलाव पुकारला. बोली पैशांची नव्हती, इंग्रजी वाक्याची होती. छत्रीबद्दल ज्याचं वाक्य सगळ्यांत लांब, त्याची छत्री. मग मागून कुणीतरी म्हणालं, "रेड अम्ब्रेला." नोई चवताळून उठली आणि आपलीच छत्री सोडवायला असं लांबलचक वाक्य बोलली, की धीरज बाकावरून पडता पडता राहिला.

त्या दिवसापासून वर्गात चपला, अंडी, हेडमास्तरांची टोपी, सगळं लिलावात निघालं. पोरं इंग्रजीत भांडू लागली. धीरजच्या तोंडून मात्र जोशात वऱ्हाडीच निघे. "बोल नं बे! काऊन गप बसून राह्यला?" पोरांनी इंग्रजीसोबत तेही उचललं.

मुदत संपवून तो परतला, तेव्हा गावातल्या इंटरनॅशनल शाळेनं त्याचा सत्कार ठेवला. तिथल्या मुख्याध्यापिका माधवी मॅडमचा दंडक असा, की आवारात जो मराठी बोलेल त्यानं गळ्यात पुठ्ठ्याची पाटी घालून उभं राहायचं. त्यांना धीरजला शाळेत घ्यायचं होतं, 'फॉरेन ट्रेनर' म्हणून. दुसऱ्या रांगेत हिंगणघाटहून आलेले रूपराव बसले होते, लेक सुरभीसाठी मुलगा पाहायला. प्रमुख पाहुणे होते शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णाजी. मॅडमनी लिहून दिलेलं इंग्रजी भाषण त्यांनी घाम पुसत, अडखळत कसंबसं पैलतीराला नेलं.

मग मोठ्या पडद्यावर व्हिडिओ कॉलवरून लाओसचा वर्ग दिसला. पोरांनी एका पपईचा इंग्रजीत असा लिलाव केला, की मंडपात टाळ्यांचा पाऊस पडला. इतक्यात नोई पुढे आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन सर, जेवन झालं काय?"

मॅडमनी झटकन माइक ओढला. "ही त्यांची लाओ भाषा. किती गोड आहे, नाही?"

ज्यांचा जन्म ती भाषा बोलण्यात गेला, त्या सगळ्यांनी माना डोलावल्या. रूपरावही म्हणाले, "गोड हाये." फक्त पहिल्या रांगेतली चौथीतली गुंजन उठून ओरडली, "मॅडम, हे तं आपलं वऱ्हाडी होय!"

शाळेतल्या एका बाईंनी तिला तिथल्या तिथे पाटी घातली. गुंजन पाटी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

धीरज गप्प बसला असता तर नोकरी होती, सुरभी होती, शाल तर समोर घडी घालून ठेवलेलीच होती. त्यानं बापाकडे पाहिलं. बापानं डोळ्यांनीच दटावलं. तरी तो उठला.

"मॅडम, ते वऱ्हाडीच होय. म्या शिकवली. त्या पोरीची पाटी काढा."

अण्णाजी खुर्चीत सरळ झाले. "वऱ्हाडी चालते इथं? मंग मले काऊन इंग्रजीत कुथाले लावलं?"

मंडप असा हसला, की कार्यक्रम राष्ट्रगीताविनाच संपला. मॅडमनी शाल-श्रीफळ कपाटात परत ठेवलं आणि धीरजला कळवलं, की ट्रेनरची जागा तूर्त भरायची नाही.

आता धीरज सकाळी दुकानात बसतो आणि दुपारी जिल्हा परिषदेच्या शाळेत लिलाव पुकारतो. तेही बिनपगारीच. गुंजन सुट्टीच्या दिवशी तिथे येते, भरपूर भांडते. तिची पाटी त्या दिवशी त्यानंच काढली होती.

सुमित्राबाईंना मात्र बायका विचारतात, "पोरगा रिकामाच हाये काय?"

"तिकडं फुकट शिकवलं तं मंडप टाकला," सदाशिवराव करवादतात, "इथं फुकट शिकवते तं लोक याले रिकामटेकडा म्हणून राह्यले!"

रूपरावांचा निरोप आला तो फोनवर. पोरगा सालस आहे, घराणं चांगलं आहे, सुरभीलाही आवडला होता, सगळं खरं.

"पण भाऊ," रूपराव म्हणाले, "पोरगा इथंच शिकवते नं."