शेवटची हातभर शिवण

वडिलांच्या मागे सोफे-खुर्च्यांचा कारखाना ताईकडे आला आणि त्याच्याबरोबर दोन माणसं: कापड बेतणारे काका आणि मशीनवरच्या वहिनी. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, कापायचं टेबल, मशीन, आणि फोमचे तुकडे जागा मिळेल तिथे. ताईला कामातलं सगळं येत होतं, आणि अडचण तीच होती. वहिनींनी शिवलेली प्रत्येक खोळ ती उलटी करून बघायची आणि शेवटची हातभर शिवण उसवून पुन्हा स्वतः घालायची. शिवण वाईट नसायची. पण आपला हात लागल्याशिवाय माल बाहेर पाठवायला तिचा जीव धजत नसे.

वहिनींनी काही महिने सोसलं. मग त्यांनी शेवटची हातभर शिवण पक्की करायचंच सोडून दिलं. नुसता कच्चा धावदोरा घालायचा आणि खोळ टेबलाच्या ताईकडच्या टोकाला टाकायची.

"उसवायला तेवढंच सोपं पडतं बिचारीला," काका डोळे मिचकावत म्हणायचे.

ताईला पत्ता नव्हता. ओढला की दोरा सरसर निघतो, म्हणजे शिवण कच्चीच होती, आपण उसवतो ते बरोबरच, असं तिला वाटायचं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यासाठी एक लांब बाक आणि काही खुर्च्या सांगितल्या होत्या. बाकाची खोळ तयार झाली त्या दिवशी ताई आईला डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन गेली होती. वहिनी शिवण संपवून घरी गेल्या. टेम्पो आला तेव्हा खोळ ताईच्या टोकाला होती. आपण बाहेर गेलो तेवढ्यात येऊन ताईने शेवटची शिवण घातली असणार, असं धरून काकांनी ती बाकावर चढवली आणि बाक पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"तुमच्या बाकाने आ वासलाय. इथे आ करायला पेशंट आहेत की."

ताईने फोन ठेवला आणि मशीनपाशी गेली. "वहिनी, बाकाची शिवण कच्ची का सोडलीत?"

"रोजच सोडते." वहिनींनी मशीन थांबवलं. "पक्की घातली असती तर उसवली नसतीत का?"

ताईने टेबलाच्या आपल्या टोकाकडे पाहिलं.

"चिडून नाही सांगत, पण पलीकडच्या पडदेवाल्याने बोलावलंय मला. महिनाअखेरीला जाईन म्हणते. तिथे काम सरळ शिवलं की संपतं."

वहिनींसारखा हात पुन्हा मिळणार नाही, हे ताईला माहीत होतं. त्या गेल्या तर मशीनवर तिलाच बसावं लागणार, आणि मग गिऱ्हाईक कोण बघणार? पण त्या क्षणी तिला टोचलं ते वेगळंच. ती शाळेतून यायची तेव्हापासून वहिनी त्याच स्टुलावर होत्या.

वहिनी पाणी प्यायला गेल्या. काका ताईला लहानपणापासून अगं-तुगं करत. कात्री न थांबवता ते म्हणाले, "तुझे बाबाही नावं ठेवायचे गं. पण ठेवायचे आणि चहाला निघून जायचे. दुरुस्ती ज्याची त्याने करायची."

"हे आधी नाही सांगायचं?"

"तू कुठे चहाला जातेस?"

संध्याकाळी ताई आणि वहिनी दवाखान्यात गेल्या. सुई-दोऱ्याची पिशवी ताईकडे होती. वहिनी जमिनीवर बसल्या आणि वाकड्या सुईने उघडलेली कड सांधू लागल्या. ताई शेजारी उभी राहिली. मधला एक टाका किंचित तिरका पडला. तिला तो दिसला, आणि तिने हात पाठीमागे बांधले. वहिनी थोड्या पुढे गेल्या, थांबल्या, मागे आल्या आणि तो टाका काढून त्यांनी पुन्हा घातला.

डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. "झालं का हो? आता टिकेल ना?" प्रश्न ताईला होता.

"त्यांना विचारा. काम त्यांचं आहे."

वहिनींनी मान वर करून ताईकडे पाहिलं. मग शिवणीच्या दोन्ही बाजू धरून ती जोर लावून ताणली. "बसा तुम्हीच."

डॉक्टरीणबाई बसल्या, जरा हलून बघितलं. "बरं. आणि खुर्च्या?"

ताईने त्यांना याच महिन्याचा शब्द दिला होता. ती तोंड उघडणार तोवर वहिनी बोलून गेल्या.

"पुढचा महिना उजाडेल. घाईत शिवलेल्या मी पाठवणार नाही."

इतका वेळ कशाला, हे ताईच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात 'मी' हा शब्द तिच्या ध्यानात आला.

"त्या म्हणतात तसं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

जिना उतरताना तिने वहिनींना काही विचारलं नाही. वहिनीच म्हणाल्या, "खुर्च्यांना जाड दोरा लागेल. उद्या येताना मी घेऊन येते, तुम्ही नका आणू. तुम्ही भलताच रंग आणता."

"आणा," ताई म्हणाली.