ब्राझीलला न्यायची चारशे सीसी

मी बोलतेय, आणि जरा कडूच बोलणार आहे, हे आधी सांगून ठेवते. जपानातल्या हामामात्सु गावात ओताकीचं मोटरसायकलींचं दुकान आहे. त्याच्या मागच्या अंगणात, जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी ताडपत्रीखाली जी काळी चारशे सीसी उभी आहे, ती मी. ताडपत्री एका बाजूला फाटलीय. तिथून दुकानाचा पुढचा भाग दिसतो. दर रविवारी तिथे जे चालतं ते बघून कोणाचंही तोंड गोड राहणार नाही.

जन्म माझा याच गावातला. इथे निम्मं गाव मोटरसायकली बनवतं आणि उरलेलं निम्मं त्यांचे सुटे भाग. माझे कितीतरी भाग ज्या कारखान्यांत झाले, तिथे रात्रपाळीला ब्राझीलहून आलेली माणसं उभी असतात. पण माझी पहिली नंबराची पाटी लागली ती एका बँकेतल्या साहेबाच्या नावाने. हा गृहस्थ मला चालवायचा कमी आणि पुसायचा जास्त. मग त्याच्या बायकोला दिवस गेले आणि मी ओताकीच्या दुकानात आले. इकडे ही रीतच आहे. घरात बाळ येणार म्हटलं की मोटरसायकल जाते. साहेबाने जाताना माझ्या टाकीवरून हात फिरवला, डोळेही पुसले. विकली मात्र तरीही.

दुकानात मला निवाल्दो मियाहिरा भेटला. चेहरा इथल्या माणसांचा, हसणं तिकडचं, रस्त्यापलीकडे ऐकू जाणारं. त्याचे आजोबा ओकिनावाहून बोटीने ब्राझीलला कॉफीच्या मळ्यांवर गेले, आणि नातू विमानाने उलटा कारखान्यात आला. दोन वर्षांसाठी आलोय, असं तो सांगायचा. इथले सगळे ब्राझीलवाले दोन वर्षांसाठीच आलेत. त्यांतल्या काहींची नातवंडं आता इथल्या शाळेत जातात.

त्याला गाडी घ्यायची होती, आणि ती निवडायला त्याने जितका वेळ लावला तितका लोक बायको निवडायला लावत नाहीत. दर रविवारी यायचा. एकीवर बसायचा, उतरायचा, दुसरीवर बसायचा. पाय टेकतात का बघायचा, हँडल वळवून बघायचा, मग दूर जाऊन डोळे बारीक करून सगळ्यांकडे पाहायचा. ओताकी चहा ठेवून निघून जायचा. गिऱ्हाइकाला घाई करणं त्याच्या स्वभावात नाही.

एकदा बायको इव्होनीही बरोबर आली होती. ती रात्री डबे भरण्याच्या कारखान्यात काम करायची, त्यामुळे डोळ्यांत झोप आणि जिभेवर धार.

"अडीचशेची घे आणि मोकळा हो," ती म्हणाली. "अडीचशेला सरकारी तपासणी नसते. चारशेची घेतलीस की तिला दर दोन वर्षांनी तपासणीला न्यायचं. तू तर म्हणतोस दोन वर्षांत जायचंय. मग ही कटकट कोणासाठी?"

"अगं, ही काय इथे चालवायला घेतोय मी? ब्राझीलला, आपल्या पारानाला न्यायचीय. तिकडे अडीचशेवर पिझ्झा पोचवणारी पोरं बसतात. गावात शिरताना लोकांनी बघायला नको?"

"बघायला? अरे, तू बाजारातून चालत गेलास तरी लोक बघतील. एवढ्या वर्षांनी आलेलं भूत म्हणून बघतील."

निवाल्दो हसला. तो असं काही निघालं की हसायचाच.

खरं सांगायचं तर गाडी तो एकटा निवडत नव्हता. तिकडे पारानात, लोंद्रिनाजवळच्या गावात त्याचे वडील तादाशी राहायचे, धाकट्या मुलीच्या, मार्लेनच्या घरी. जन्मभर एसटीसारख्या गाड्या हाकलेला माणूस. इथे रविवारची सकाळ असली की तिथे शनिवारची रात्र असते. म्हातारा फोन कानाला लावून ओसरीवर बसायचा आणि निवाल्दो दुकानात फिरत फिरत त्याला एकेक गाडी सांगायचा.

"मागची सीट केवढी आहे रे?" म्हातारा विचारायचा.

"रुंद आहे, बाबा."

"रुंद म्हणजे किती? माझं बूड बसेल असं बघ. मार्लेनच्या हातचं खाऊन माझं काय झालंय तुला माहीत नाही."

"बसेल हो. पार मारिंगा शहरापर्यंत नेतो तुम्हाला मागे बसवून."

"आणि साखळीवर झाकण आहे का? आपली लाल माती विसरलास वाटतं. उघडी साखळी आठ दिवसांत खाऊन टाकते."

माझी पाळी आली तेव्हा म्हातारा म्हणाला, "चालू कर. ऐकू दे मला." निवाल्दोने बटण दाबलं आणि फोन माझ्या सायलेन्सरजवळ धरला. मी जीव ओतून गुरगुरले. मग म्हातारा म्हणाला, "हीच घे."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाने नुसता आवाज ऐकून मला पसंत केलं होतं.

त्याच दिवशी निवाल्दोने ओताकीला विचारलं, "ही ब्राझीलला नेता येईल ना?"

ओताकीने मान एका बाजूला कलती केली आणि दातांतून लांब श्वास आत ओढला. स्स्स, असा. मग चहाच्या कपाकडे बघत राहिला. इथली माणसं असं करतात तेव्हा तो साफ नकार असतो. समोरच्याला तोंडावर नाही म्हणून ओशाळं करायचं नाही, एवढाच त्यातला सभ्यपणा. गावातलं शेंबडं पोरही ते ओळखतं.

निवाल्दोने ओळखलं नाही. त्याला वाटलं, म्हातारा दुकानदार हळहळतोय, एवढी चांगली गाडी गावाबाहेर जाणार म्हणून. तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं या देशात काढली आणि एवढं कळू नये? त्याला कळणार कुठून? त्याचं सगळं जपानी कारखान्यात शिकलेलं. आणि कारखान्यात ब्राझीलवाल्याला नाही म्हणताना कोणी मान कलती करत नाही, श्वास ओढत नाही. तिथे मुकादम अंगावर ओरडतो. सभ्य नकार त्याच्या वाट्याला कधी आलाच नव्हता, तर तो ओळखायचा कसा? माझा राग या गावावर आहे तो यासाठी.

अशी मी त्याची झाले. त्याने मला जपलं, हे नाकारणार नाही. चाळीतल्या शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून तो मला बंद ठेवून मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलत न्यायचा, हिवाळ्यातलं ते बोचरं वारं तोंडावर घेत. ब्राझीलला न्यायची म्हणून साखळीला झाकण लावलं, दोन्ही बाजूंना पेट्या बसवल्या, मागच्या सीटवर जाड गादी शिवून घेतली. त्या गादीवर कोणी बसलं नाही. इव्होनी म्हणायची, "तुझ्या बाबांची जागा आहे ती, मी कशाला दाबू?" आणि सायकलने बाजारात जायची.

रविवारचे फोन चालूच होते. आता तो खाली पार्किंगमध्ये माझ्यावर बसून बोलायचा, कारण वर इव्होनी झोपलेली असायची. बोलणं सगळं माझ्याबद्दल. टायर कसे आहेत, पेट्यांत काय मावेल, कोणत्या रस्त्याने मारिंगाला जायचं. त्यातूनच हळूच निघायचं, "मग कधी येतोस?"

"एवढी तपासणी होऊ दे, बाबा. ताजी तपासणी असली की न्यायला बरं."

तपासणी झाली. मग म्हणाला, आता पैसे घातलेत तर दोन वर्षं वापरून घेऊ. पुन्हा तपासणी आली. मग कारखान्यात जादा काम निघालं. मग आणखी एक तपासणी. मी त्याच्या जाण्यासाठी घेतलेली गाडी, आणि न जाण्याला सगळ्यांत सोयीचं कारणही मीच. माझ्यासारखं नशीब शत्रूलाही येऊ नये.

तिकडे म्हाताऱ्याचा आवाज खाली येत होता. फोनमधून मला तो नीट कळायचा. मला कळत होतं तर मुलाला कळत नसेल? मग एकदा मार्लेनचा फोन आला. बाबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. निवाल्दो त्या दिवशी माझ्यावर बसून रडला. "आता नाही थांबत," म्हणाला. मला त्याचं खरं वाटलं.

लगेच तो मला घेऊन जिल्सनकडे गेला. जिल्सन ब्राझीलच्या वाणसामानाचं दुकान चालवतो आणि तिकडे जाणाऱ्यांचं सामान बोटीने पाठवतो. तो सिगरेट ओढायला बाहेर आला होता. माझ्याकडे बघून हसायलाच लागला.

"ही पाठवायची? अरे भाऊ, वापरलेली गाडी आपल्याकडे आत घेतच नाहीत. तुला कोणी सांगितलं नाही?"

"घेतच नाहीत म्हणजे?"

"म्हणजे बंदी. तीस वर्षं जुनी झाली तर घेतात, हौशी लोकांची म्हणून. थांबतोस तेवढा?" मग निवाल्दोचा चेहरा बघून त्याने सिगरेट विझवली. "नवीकोरी असेल तर नेता येते. कर भर, कागद कर, जाईल. पण जुनी विसर."

मी त्याचं ऐकलं आणि मला वाटलं, संपलं एकदाचं. आता हा मला इथेच टाकेल आणि विमानात बसेल. टाकलं जाण्याचं दुःख होतं, खोटं कशाला बोलू? पण म्हाताऱ्याचा तो आवाज आठवून मी मनाची तयारी केली होती.

त्याने तिथूनच फोन लावला.

"बाबा, एक वाईट बातमी आहे. गाडी आणता येत नाही. जुनी घेत नाहीत म्हणे."

"माहीत आहे मला," म्हातारा म्हणाला.

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्यापासून. एवढी वर्षं गाड्या हाकल्या, एवढं कळत नाही का मला?"

"मग बोलला का नाहीत?"

म्हाताऱ्याला खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाला, "गाडीचं बोलणं निघालं की तू येण्याचं बोलायचास. एरवी विचारलं की पाऊसपाण्याचं बोलून फोन ठेवायचास. मी कशाला ते बोलणं मोडू?"

मला वाटलं, आता तो एकच गोष्ट बोलेल, जी कोणीही बोललं असतं: येतो, बाबा.

तो म्हणाला, "काळजी करू नका, बाबा. नवी नेता येते. मी नवी बघतो."

पलीकडून म्हातारा म्हणाला, "बघ बाळा. नीट बघ."

ते "नीट बघ" मला जन्मात विसरता येणार नाही. आपल्या मुलाला ओळखून चुकलेल्या बापाचे ते शब्द होते, आणि मुलगा मात्र हायसं वाटून जिल्सनकडून चीजचे गरम पाव घेऊन खात होता.

मला ओताकीकडे परत दिलं. ओताकीने मला मागे आणून उभं केलं. माझी तपासणी संपली, पाटी निघाली. जपून काढलेली गादी कोणीतरी दुसऱ्या गाडीला लावली.

आणि निवाल्दो? तो दर रविवारी येतो. पुढे काचेशी नव्या चारशे सीसी ओळीने उभ्या आहेत. एकीवर बसतो, उतरतो, दुसरीवर बसतो. ओताकी चहा ठेवून जातो. इव्होनी आता येत नाही. एकदाच दारापर्यंत आली होती, त्याला बोलवायला. म्हणाली, "मी माझं तिकीट काढलंय. मार्लेनला एकटीला होत नाही. तुझ्या बापाला मी उठवते-बसवते, तू सावकाश रंग ठरव." आणि खरंच गेली. सून गेली, मुलगा इथे निळी बरी की लाल बघतोय.

गेल्या रविवारी तो निळ्या गाडीवर बसून, फोन स्पीकरवर टाकून बोलत होता. फोन इव्होनीने उचलला होता.

"बाबांना दे," तो म्हणाला.

"बोलवत नाही त्यांना. फोन कानाशी धरते, तूच बोल."

"बाबा, आता दोनच उरल्यात बघा. पुढच्या रविवारी नक्की ठरवतो."

तिकडून काही आलं नाही, नुसता घरघरता श्वास. मग इव्होनीचा आवाज आला, अगदी हळू, एवढा हळू की मी तिला कधी तसं बोलताना ऐकलं नव्हतं. "निवाल्दो, ते डोळे मिटून ऐकतायत. हसतायत. मला बघवत नाही रे."

त्याने फोन ठेवला. बराच वेळ त्या निळ्या गाडीचं हँडल धरून बसून राहिला. मग ओताकीला हाक मारून विचारलं की हिच्यात दुसरा रंग येतो का.

कोणाच्या हृदयात काय चालतं ते मला गाडीला काय कळणार? कदाचित त्याला भीती वाटत असेल. एवढ्या वर्षांनी रिकाम्या हाताने दारात उभं राहायचं, आणि बापाने आपल्याकडे बघायचं. गाडी असली की लोक गाडीकडे बघतात. माझी निवड झाली ती याच कामासाठी, हे मला इथे ताडपत्रीखाली उभं राहून कळलं. कोणाला कुठे नेण्यासाठी मला घेतलंच नव्हतं.

माझं काही दिवसांत भंगार होईल, त्याचं मला फारसं वाटत नाही. पण निवाल्दो, माझा आवाज तुला कधी नीट कळला असेल, तर आता एकदा ऐक. त्या म्हाताऱ्याला मारिंगाला जायचं नव्हतं. तो तुझ्यासाठी थांबला होता आणि अजून थांबलाय. हात हलवत जा, रडत जा, शिव्या खायला जा. पण पुढच्या रविवारी इथे येऊ नकोस.