दादाच्या तोंडून

बारक्याने वडिलांचं मटणाचं दुकान बंद केलं ते थोरल्या भावाच्या, दादाच्या, एका शब्दावर. एका घावात बकरा पाडायचा, त्याचे हाल होऊ द्यायचे नाहीत, हे झटक्याचं काम वडिलांनी त्याला हात धरून शिकवलेलं. पण दादा म्हणाला, "शीख माणसाला मांस वर्ज्य आहे. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कधी मांसाचा तुकडा पाहिलास?"

खरंच, नव्हता पाहिला. दादा स्वतः अमृत घेतलेला, म्हणजे खालशाची दीक्षा झालेला; चार लोक त्याला धर्मातलं विचारायला येत. त्याच्यापुढे हा सुरे घासण्यात जन्म घालवलेला साधा भोळा जीव काय बोलणार? त्याने सुरे विकले आणि गोदामात पोती उचलायला लागला. कंबरेचे पार बारा वाजले, पण पठ्ठ्याने ब्र काढला नाही. उलट आज तो स्वतः अमृत घ्यायला उभा राहिला होता.

अमृत देणाऱ्या पाच शिखांत, पंज प्याऱ्यांत, दादाही होता. त्याला तिथे पाहून बारक्याचा ऊर भरून आला. अमृत पिऊन झालं आणि नियम सांगायची पाळी नेमकी दादावर आली. त्या जागी उभं राहून पदरचं काही घालता येत नाही. दादा खाली बघतच म्हणाला, "केस कापायचे नाहीत. तंबाखूला शिवायचं नाही. परक्याच्या संसारात शिरायचं नाही. कुठ्ठा खायचा नाही."

"कुठ्ठा म्हणजे सगळंच मांस?" शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं.

दादा म्हणाला, "नाही. दुसऱ्या धर्माच्या विधीने मारलेल्या जनावराचं."

"मग झटक्याचं चालतं?"

"त्याला मनाई नाही."

सगळं आटोपेपर्यंत बारक्या कसाबसा उभा राहिला आणि चपला ठेवायच्या खोलीत त्याने दादाला गाठलं. "लंगरात मांस का नसतं रे मग?"

"कुणालाही पंगतीत बसता यावं म्हणून." दादा पुढे म्हणाला, "पण शिखांतलेच काही जथे, काही गट, सगळंच मांस वर्ज्य मानतात, बारक्या."

"तू त्यांच्यातला आहेस?"

दादाने मान हलवली. नाही. मग हळूच म्हणाला, "माझ्या पोरीचं लग्न जमत होतं. ती माणसं मांसाला शिवत नाहीत. मुलीचा काका खाटीक म्हटल्यावर..."

"पुतणीसाठी दुकान बंद कर म्हणून सांगितलं असतंस, तर त्याच दिवशी कुलूप लावलं असतं मी!" बारक्याचा आवाज फाटला. "देवाला कशाला मध्ये घातलंस? मी वडिलांना पापी समजत बसलो, दादा. इतके दिवस त्यांच्या फोटोकडे बघितलं नाही मी."

दादाचे डोळे भरले. त्याने बारक्याचा हात धरला. "आत ऐकलंस ना? अमृत घेतल्यावर आता आपण सगळे एकाच आईबापाची लेकरं."

बारक्याने हात सोडवून घेतला.

"आपण आधीही होतो," तो म्हणाला आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडला.