होडीवरची चिकटपट्टी

रेवदंड्याच्या खाडीवर फकरुद्दीनचाचांनी चाळीस वर्षं होड्यांना ठिगळं लावली, आणि त्यांनी बसवलेली एकही फळी कधी पाण्यात सुटली नाही. निदान ते तसं सांगत. होड्या बोलत नाहीत, ही या धंद्यातली मोठी सोय. ठिगळ लावलं की तिथे खडूची रेघ ओढायची, म्हणजे पुढच्या कारागिराला जागा कळते, हा चाचांचा रिवाज. रेघ पहिल्याच भरतीत धुऊन जाई. पण रिवाज तो रिवाज.

त्यांची लेक आफरा घरी बसून कॉम्प्युटरचं काम करी. एकदा तिच्या पडद्यावर चाचांना इवलीशी चिकटपट्टी दिसली, जखमेवर लावतात तशी.

"कुणाला लागलं गं?"

"कुणाला न्हाय, अब्बा. प्रोग्राममधली बारीक चूक नीट केली की नोंदीच्या आधी ही पट्टी टाकायची. बघणाऱ्याला समजतं, किरकोळ होतं."

"आणि मोठं असलं तर?"

"मग अँब्युलन्स."

चाचांना ही विद्या फार पटली. ते लगेच रंगाचा डबा घेऊन वाळूवर गेले.

तिथे अदनानची होडी उपडी होती. हा त्यांचा मुलगा मस्कतची नोकरी सोडून आला होता आणि आज संध्याकाळच्या भरतीला पहिल्यांदा बाहेर पडणार होता. होडीच्या तळाला एका फळीत चाचांची पटाशी लोण्यात रुतावी तशी रुतली होती. त्यांनी तिथे कापूस ठोकला, राळ ओतली आणि वर सुबक पट्टी रंगवली.

"अब्बा, खालचं कसं हाय?" अदनानने विचारलं.

"पट्टी दिसत न्हाय? किरकोळ."

अदनान बर्फ आणायला गेला. चाचा होडीच्या सावलीत लवंडले आणि त्यांचा डोळा लागला.

बघतात तर किल्ल्याच्या तटाला पट्टी. वाळत घातलेल्या प्रत्येक बोंबलाला एकेक. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना. समुद्रालाही, पार क्षितिजापर्यंत, एकच लांब पट्टी. आणि तिच्याखालून पाणी हळूहळू, अगदी अदबीनं झिरपत होतं. होडी त्यांच्या कानाशी आली. म्हणाली, "फकरुद्दीन, चाळीस वर्षांत मी कधी काही बोलले?"

जागे झाले तेव्हा पाणी तळव्यांना लागलं होतं. चाचा उठले. पट्टी पुसली आणि तिथे चार चाकं काढली, वर एक डबा, डब्यावर दिवा.

अदनान बर्फ घेऊन आला. "अब्बा, ही पाववाल्याची गाडी कशाला?"

"आफराला विचार."

आफरा आली. चित्राकडे पाहिलं, मग बापाकडे. "भाईजान," ती म्हणाली, "बर्फ घरी ने."

त्या संध्याकाळी आख्ख्या मोहल्ल्याला थंडगार सरबत मिळालं. कशाबद्दल, हे कुणी विचारलं नाही.

आठ दिवसांनी नवी फळी बसली. चाचांनी तिच्यावर काहीच काढलं नाही. नुसता कान लावून बसले.

"काय म्हणते?" आफराने विचारलं.

"अजून तरी काय न्हाय," चाचा म्हणाले, आणि होडी पाण्यात लोटायला अदनानला हात केला.