पंचवीस वर्षं न पाहिलेला शेवट

युद्धाचा सिनेमा चांगला की भिकार, हे मी पहिल्या दहा मिनिटांत सांगतो. ज्यात सैनिकाचे बूट चकचकीत, तो बाद. ज्यात गोळी सुटण्याआधी कुणी भाषण ठोकतं, तोही बाद. खरा सिनेमा तो, ज्यात हल्ल्याआधी माणसं गार पोळी चावत गप्प बसतात आणि घास आपल्या घशात अडकतो. माझी बायको अंजू म्हणते, खताच्या दुकानात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. म्हणू दे बापडी. हिंगणीत दर सव्वीस जानेवारीला संध्याकाळी मारुतीच्या पारासमोर पडदा लागतो, आणि त्यावर कोणता सिनेमा दाखवायचा हे मीच ठरवतो.

ही प्रथा आदेशमुळे पडली. आदेश माझ्या वर्गातला. आम्ही दोघं एका सायकलवर सेलूला सिनेमे पाहायला जायचो. पुढे तो फौजेत भरती झाला आणि पंचवीस वर्षांपूर्वी बर्फातल्या एका चौकीवर कामी आला. त्याच्या नावानं गावात सिनेमा लावायचं ठरलं, तर पहिल्याच वर्षी त्याची आई प्रमिलाबाई सगळ्यांच्या पुढे येऊन बसल्या. पडद्यावरचा जवान मरणार आणि ही माउली ते बघणार. मी हळूच वायर उपटली आणि लाइन गेली म्हणून सांगितलं.

मग तो गावाचा रिवाजच झाला. प्रमिलाबाई बसलेल्या असल्या की नायकाला गोळी लागायच्या आत सिनेमा थांबायचा. कधी लाइन जायची, कधी मशीन तापायची, कधी सीडीवर ओरखडा निघायचा. शेवट मी दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सांगायचो. लहान पोरांनाही हे ठाऊक होतं, कुणी कुरकुरत नसे. एका आईला आपण जपतोय याचा मला, खोटं कशाला बोलू, चांगलाच अभिमान होता.

यंदाच्या सिनेमापुढे मात्र आधीचे सगळे फिके. उभा कडा, अंधुक उजेड, दोराला धरून चढणारी सहा माणसं. संगीत नाही, काही नाही, नुसते त्यांचे श्वास. तीनशे माणसं पारासमोर बसली होती, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. शेंगदाणे खाणाऱ्यांचे हात पुडीतच राहिले. इतकी वर्षं मी सिनेमे पाहतोय, पण असा काटा माझ्या अंगावर कधी आला नव्हता. तेवढ्यात पुढच्या उंच जवानानं दगडावरून डोकं वर काढलं. मी बटण दाबलं आणि पडदा पांढरा झाला.

"लाइन गेली, मावशी," मी म्हणालो. पारावरचा बल्ब लखलखीत चालू होता.

"धीरज," प्रमिलाबाई मागे न वळता म्हणाल्या, "पंचवीस वर्षं झाले, लाइन बरोबर तवाच जाते. मले समजत नाई काय? तुमच्या जीवाले बरं वाटते म्हणून मी उठून घरी जात होती."

"तुमाले तरास होईन, मावशी."

"तरास हाय तो हायच. कागद आला, त्यात तो गेला एवढंच लिवलं होतं. त्याच्यापाशी कोणी होतं का नाई, हे मले आजवर कोणी सांगतलं नाई. असा पोरगा पडते तवा त्याच्यापाशी कोण येते, एवढंच मले पाह्याचं हाय. लाव."

कुणी तोंडात मारावी तसं मला झालं. मी सिनेमा पुढे चालू केला.

उंच जवान पडला. गोळ्या सुरू असतानाच दुसरा एक पोटावर सरपटत त्याच्याजवळ आला, त्यानं पडलेल्याचं डोकं मांडीवर घेतलं. बाटलीत पाणी उरलं नव्हतं. त्यानं मूठभर बर्फ तळहातात विरघळवला आणि थेंब थेंब त्याच्या ओठांवर सोडला. प्रमिलाबाईंचा हात आपोआप थोडा पुढे झाला होता. मी पडद्याकडे पाहायचं सोडून त्यांच्याकडेच पाहत राहिलो.

"खरंच असं होते काय?" त्यांनी विचारलं.

बुटांपासून बंदुकीपर्यंत सगळ्यावर मत असलेला मी मदतीसाठी वळलो. मागे भिंतीशी अश्वजित उभा होता, फौजेतून सुट्टीवर आलेला. तो पुढे आला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"दर वेळी नाई जमत, मावशी. खोटं नाई सांगत मी. पण जमलं तं कोणी कोणाले एकटं सोडत नाई."

त्या पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "तेवढंच पुन्हा लावजो, बापू."

मी लावलं. त्यांनी आणखी एकदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ते दृश्य सुरू झालं तेव्हा मागची माणसं एकेक करून उठली, पुढे आली, आणि प्रमिलाबाईंच्या भोवती जमिनीवर खेटून बसली.