पुढच्या दाराला तेल नको

तिच्या नवऱ्याला घरात सगळे कारागीर म्हणायचे. सगळे म्हणजे ती आणि तिचे सासरे. चौथं माणूस घरात नव्हतंच. दिवसभर विम्याच्या ऑफिसात कागद तपासणारा हा माणूस घरी आला की त्याचे हात शिवशिवायला लागायचे, आणि मग घरातल्या वस्तूंची काही धडगत नसायची. काही कुरकुरलं, अडकलं, घट्ट झालं की त्याच्याकडे एकच औषध होतं: स्वयंपाकघरातली तेलाची बाटली. खिडकीला तेच, पंख्याला तेच, कपाटाच्या कुलपालाही तेच. चार दिवस सगळं सुरळीत चालायचं. मग त्या तेलाचा चिकटा व्हायचा, चिकट्यावर धूळ बसायची, आणि जी खिडकी पूर्वी दोन बोटांनी सरकायची तिला खांदा लावावा लागायचा. कपाटाच्या कुलपात तर किल्ली अशी रुतून बसली, की कोट आत आणि कारागीर बाहेर. मावसभावाच्या लग्नाला तो नुसत्या शर्टावर गेला.

तिने फक्त एक वस्तू त्याच्या तावडीतून वाचवली होती, ती म्हणजे तिचं शिलाई मशीन. ती पडदे शिवायची. मशीनला कुठलं पातळ तेल लागतं हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची छोटी बाटली ती कात्र्यांच्या डब्यात लपवून ठेवायची. "याला हात लावलात तर शर्टाची बटणं तुमची तुम्ही लावा," असा सज्जड दम तिने भरून ठेवला होता.

कोटाचा प्रसंग मात्र कारागिराच्या जिव्हारी लागला. तो कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकान एक काकू चालवायच्या. तोंड फटकळ, पण माल चोख. त्यांनी त्याची सगळी कहाणी ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, खायचं तेल ते! हवेवर राहिलं की त्याचा डिंक होतो. कुलपात ओलं काही घालूच नका, ग्राफाइटची पूड फुंका, पेन्सिलीत असते ना, तसली. सरकत्या खिडकीला सिलिकॉनचा फवारा मारा, धूळ धरत नाही. बिजागरीला ग्रीस. आणि हा दुसरा फवारा गंज सोडवायला. याला वंगण समजू नका हं, चार दिवसांत उडून जातो. अडकलेलं सुटलं की पुसून घ्यायचं आणि मग खरं वंगण घालायचं."

कारागिराने सगळंच घेतलं आणि रजा टाकली. कधी नव्हे ते त्याने सांगितलं तसं केलं, आणि घर खरंच सुधारलं. खिडक्या सरकायला लागल्या. कोट सुटला. कबूल करणं तिच्या जिवावर आलं, पण न्हाणीघराचं दार बंद होताना आता सगळ्या घराला वर्दी देत नव्हतं, याचा तिला आनंदच झाला.

"फक्त पुढच्या दाराला हात लावू नका," तिने बजावलं.

"अगं, सगळ्यात जास्त बोंब तेच मारतंय!"

"मारू दे. मला सवय आहे."

"पण का?"

"राहू दे म्हटलं ना."

कारण होतं, आणि ते कारण बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसलेलं होतं. तिचे सासरे, अप्पा, आयुष्यभर लिफ्टमन होते. दोन चौक पलीकडच्या ऑफिसांच्या इमारतीत ते स्टुलावर बसून माणसं वर-खाली न्यायचे आणि प्रत्येकाचा मजला त्यांना तोंडपाठ असायचा. आता त्यांना जेवलो की नाही हेही आठवायचं नाही. चष्मा पिठाच्या डब्यात सापडायचा. दुपारी कधीकधी ते अचानक उठायचे, चपला घालायचे आणि निघायचे. कुठे, ते त्यांनाही धड माहीत नसायचं.

ती मागच्या खोलीत शिवायला बसायची, कारण उजेड तिथे होता. सुरुवातीला तिने पुढच्या दाराला वर एक कडी बसवून घेतली. अप्पांनी दार ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं, आणि वळून हळूच विचारलं, "मी काय चोर आहे का, पोरी?" कडी त्याच दिवशी निघाली. मग तिने घंटी बांधली. अप्पांनी ती बोटाने वाजवली आणि म्हणाले, "ही माझ्यासाठी का?" घंटीही निघाली. उरली ती दाराची कुरकुर. तिच्यापुढे मशीनची खडखड म्हणजे काहीच नाही, आणि ती दाराची जुनी खोड होती. तिच्यात कुणाचा अपमान नव्हता. दार किंचाळलं की ती हातातलं टाकून बाहेर यायची. "अप्पा, निघालात का? थांबा, मीही येते, मला दोरा घ्यायचाय." मग दोघं कोपऱ्यापर्यंत जायची, दोरा घ्यायची, परत यायची. घरात दोऱ्याचा इतका साठा झाला होता की सगळ्या गावाचे पडदे शिवून झाले असते.

गंमत म्हणजे त्या कुरकुरीला सगळ्यात वैतागायचे ते अप्पाच. "या दाराला तेल घाला की जरा," ते रोज म्हणायचे. "रविवारी घालू, अप्पा," ती म्हणायची. रविवार यायचा आणि जायचा.

नवऱ्याला हे सांगायचं तर आधी अप्पांचं सांगावं लागलं असतं, आणि तिथेच घोडं अडायचं. तिने विषय काढला की तो हसण्यावारी न्यायचा. "वय झालंय गं. मीसुद्धा छत्री विसरतो." एकदा तर चक्क उठून गेला. तेव्हापासून तिने तो नाद सोडला होता.

रजेच्या शेवटच्या दिवशी ती पडदे पोचवायला बाहेर गेली. कारागीर घरात, ग्रीसचा डबा अर्धा उरलेला आणि समोर पुढचं दार. पुढचं सांगायला नकोच. बायकोला खूश करावं म्हणून त्याने तिन्ही बिजागऱ्यांत ग्रीस भरलं आणि गंमत म्हणून गप्प बसला. येईल तेव्हा तिच्या आपोआप लक्षात येईल म्हणून. ती आली तेव्हा दार उघडंच होतं, आणि हातात रिकाम्या पिशव्यांचा ढीग होता. तिच्या काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली असतानाच तो ऑफिसला गेला, आणि मग ती मशीनवर बसली. दुपारी एक लांबलचक पडदा संपवून ती चहा ठेवायला उठली, तर आरामखुर्ची रिकामी. न्हाणीघरात कुणी नाही. गॅलरीत कुणी नाही. दाराजवळ चपला नाहीत.

तिला समजेना. दार वाजलं नाही तर माणूस गेला कुठून? तिने नुसतं लोटलेलं दार ओढलं, आणि ते चिडीचूप उघडलं. एवढं मऊ, एवढं सरळ की तिचा तोलच गेला. तिने बिजागरीला बोट लावलं. बोटाला काळंकुळकुळीत ग्रीस आलं.

ती तशीच धावली. खांद्यावर मापाची फीत, ब्लाउजला टोचलेल्या टाचण्या. न्हावी म्हणाला, आले नाहीत. बागेतल्या बाकांवर दुसरेच म्हातारे बसले होते. रस्त्यावर मोटारी सुसाट चालल्या होत्या आणि प्रत्येक मोटार तिला वैऱ्यासारखी दिसत होती. तिने नवऱ्याला फोन लावला.

"फिरायला गेले असतील गं. येतील."

मग मात्र तिचा बांध फुटला. "येणार नाहीत! त्यांना घर आठवत नाही! मी रोज त्या दाराच्या आवाजावर त्यांना धरून आणते, कळलं? रोज! म्हणून म्हटलं होतं हात लावू नका! तुम्हाला दिसत नाही, की बघायचंच नाही?"

पलीकडून त्याचा आवाज आला, अगदी बारीक.

"सकाळी मला म्हणाले, डबा भर, ड्यूटीला उशीर होतोय. मी हसलो." आणि मग, "तू त्यांच्या जुन्या इमारतीकडे जा. मी पोचतोच."

दोघं इमारतीच्या पायऱ्यांवर एकदमच पोचली. त्याचा टाय पाठीवर गेला होता. दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांचं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"ते आजोबा? लिफ्टमध्ये आहेत की! कुणाला बटण दाबू देत नाहीत. मला वाटलं, एखाद्या ऑफिसने नवीन माणूस ठेवलाय. लोक खूश आहेत, आजोबा दार धरून ठेवतात म्हणे."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि टाचणीही टोचली. माणूस आहे, धडधाकट आहे, वर-खाली करतोय. यापेक्षा गोड बातमी तिने आजवर ऐकली नव्हती.

लिफ्ट खाली आली. दार सरकलं. आत अप्पा ताठ उभे होते, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, हात बटणांच्या पट्टीवर. तीन-चार माणसं उतरली आणि जाताजाता त्यांना मान लववून गेली. अप्पांनी समोर पाहिलं.

"कितवा मजला, साहेब?" त्यांनी आपल्या मुलाला विचारलं.

कारागिराने वडिलांच्या चेहऱ्यात काहीतरी शोधलं. तिने बाजूने पाहिलं, आणि तिचा सगळा राग त्याच क्षणी विरघळला. आत्तापर्यंत तो हेच टाळत आला होता, आणि ते त्याच्यापुढे असं दार उघडून उभं राहिलं होतं.

"ड्यूटी संपली, अप्पा," ती पुढे झाली. "घरी चला, चहा ठेवायचाय."

"अगं, तू कशी काय इथे?" अप्पा खूश झाले. "संपली का? बरं झालं. पाय दुखले." ते बाहेर आले, कारागिराने त्यांचा हात धरला, आणि चार पावलं गेल्यावर ते त्याच्याकडे वळून म्हणाले, "तू कधी आलास रे? ऑफिस नाही का आज?"

"लवकर सुटलो, अप्पा," तो म्हणाला, आणि त्याने रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं.

तिघं रमतगमत घराकडे निघाली. आता घाई कसलीच नव्हती. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि मघाच्या त्याच मोटारी आता बिचाऱ्या आपापल्या घरी चालल्या होत्या.

"मला दाराचं कारण का नाही सांगितलंस?" त्याने हळूच विचारलं.

"दाराचं सांगायचं तर अप्पांचं सांगावं लागलं असतं."

त्याने मान हलवली. वाद घातला नाही. कोपऱ्यावर मात्र तो हार्डवेअरच्या दुकानापाशी थांबला.

"काय, झालं का दार गप्प?" काकूंनी विचारलं.

"झालं. आता त्याला बोलतं करायचंय. त्याला काय लावू?"

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढी वर्षं दुकानात बसतेय, पण कुरकुर मागायला आलेलं गिऱ्हाईक आजच बघतेय." मग त्यांची नजर मागे गेली. सुनेच्या खांद्यावरच्या फितीशी खेळत अप्पा उभे होते. काकूंनी पुढे काही विचारलं नाही. "लावायचं काहीच नाही. असलेलं काढायचं. बिजागरीची पिन काढा, रॉकेलने धुवा, ग्रीसचा कण ठेवू नका. कोरडी ठणठणीत करून परत बसवा. लोखंडाला लोखंड घासलं की बोलायला लागेल. त्यापेक्षा वरची कडी देऊ का एखादी?"

"नको," दोघं एकदम म्हणाली. ती का म्हणाली हे तिला ठाऊक होतं. तो का म्हणाला, ते तिने विचारलं नाही.

घरी आल्यावर ऑफिसचे कपडेही न बदलता तो दारापाशी बसला. ती आणि अप्पा चहा पीत बघत होते. त्याने एकेक पिन काढली, रॉकेलच्या वाटीत बुडवली, फडक्याने घासली, फुंकर मारली, पुन्हा घासली. एवढं मन लावून त्याने कधी तेल घातलं नव्हतं. पिना बसवून त्याने दार ओढलं. चिडीचूप. पुन्हा ओढलं. तिचा कप हातातच राहिला. त्याने दाराला जरा वर उचलून झटका दिला, मग पुन्हा, आणि चौकटीतून आधी बारीकशी कुंई आली आणि पाठोपाठ ती जुनी, ओळखीची, दात आंबवणारी किंकाळी.

एवढा गोड आवाज तिने कुठल्याच गाण्यात ऐकला नव्हता. ती कप ठेवून सरळ मागच्या खोलीत गेली आणि मशीनवर बसली. पाय चालवून पाहिले. खडखडीतून दाराची किंकाळी लख्ख ऐकू येत होती. तो तिच्यासाठी पुन्हा पुन्हा दार उघडत होता.

"येतंय!" ती आतून ओरडली.

बाहेर अप्पांनी कानांवर हात ठेवले होते. "अरे, त्या दाराला तेल घाल की जरा! डोकं उठलं माझं."

मशीनवरचे तिचे पाय थांबले.

"रविवारी घालतो, अप्पा," कारागीर म्हणाला.