उरलेल्या गोळ्यांचा डबा

काकूंच्या हातून काही टाकलं जायचं नाही. त्या ह्याला काटकसर म्हणायच्या आणि काका रोग म्हणायचे, पण हळू आवाजात. कान तुटलेल्या कपात पेनं, फाटक्या चादरीची फडकी, फडकी फाटली की त्यांचं पायपुसणं, आणि पायपुसण्याचं पुढे काय होतं हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. कुणी काही टाकायला निघालं की काकू मधे यायच्या आणि म्हणायच्या, चांगलं आहे की! बस, विषय संपला.

अशा घरात औषधाच्या गोळ्या उरल्या तर त्या कचऱ्यात जातील होय? त्या डब्यात जायच्या. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आणि त्यात कात्रीने कापलेल्या पाकिटांचे तुकडे. कापताना नावं अर्धवट तुटलेली असायची, पण काकूंचं नावावाचून काही अडत नव्हतं. त्यांनी गोळ्यांच्या तीन जाती ठरवल्या होत्या: साधी, जोरदार आणि एकदम जोरदार.

आता गोळ्या उरायच्या कशा, तर काकूंचं स्वतःचं एक शास्त्र होतं. डॉक्टर नेहमी जास्तच गोळ्या लिहून देतो, कारण त्याचं आणि दुकानदाराचं साटंलोटं असतं. ताप उतरला, दुखायचं थांबलं, की गोळी बंद. बऱ्या माणसाने औषध कशाला खायचं? उरलेल्या गोळ्या पुढच्या दुखण्याला. हे त्यांनी काकांना, मुलाला आणि अर्ध्या इमारतीला पटवलं होतं. कुणाचा घसा बसला, कुणाच्या दाढेत ठणका लागला, की माणूस जिना चढून तिसऱ्या मजल्यावर यायचा आणि काकू त्याच्या तोंडाकडे बघून डबा उघडायच्या. इमारतीत त्यांना अर्ध्या डॉक्टर म्हणत. उरलेला अर्धा कुठे आहे, असं सून एकदा पुटपुटली होती. ते काकूंनी ऐकलं होतं आणि लक्षातही ठेवलं होतं.

आणि घरात साहेब होता. साहेब म्हणजे कुत्रा. बसका, जाडा, लोंबत्या कानांचा. कुणाचं ऐकायचा नाही आणि जेवणाला उशीर झाला की घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून साहेब. काकूंचा त्याच्यावर भारी जीव. तो त्यांच्या उशाशी झोपायचा, सकाळी त्यांचं तोंड चाटून त्यांना उठवायचा, आणि त्या त्याच्या नाकावर नाक घासून त्याची चौकशी करायच्या. काकांना लग्नाच्या इतक्या वर्षांत एवढी चौकशी मिळाली नव्हती.

साहेबाच्या पुढच्या पायाला एक जखम होती. सुकायची, पुन्हा चिघळायची. जनावरांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या जखम जरा कोरडी झाल्याबरोबर थांबल्या आणि डब्यात गेल्या. काकांची दाढ सुजली तेव्हा त्यातल्याच दोन काकांना मिळाल्या. कुत्र्याच्या गोळ्या मला, असं काका म्हणाले, तर काकूंनी औषध तेच असतं, फक्त तुम्ही भुंकत नाही, असं सांगून पाण्याचा पेला पुढे केला. पुढे काकांच्या उरलेल्या साहेबाला गेल्या. साहेबाचं वजन काकांच्या निम्मं तर नक्की नव्हतं, पण हिशोब सोपा पडावा म्हणून निम्मं धरलं आणि गोळीचा अर्धा तुकडा केला. दुसरा अर्धा डब्यात.

सगळं असं सुरळीत चाललं होतं आणि काकूंचा गुडघा गेला.

म्हणजे तो जातच होता, पण त्या वर्षी पार गेला. इमारतीला लिफ्ट नाही. काकू तिसऱ्या मजल्यावर अडकल्या. गॅलरीतून रस्ता बघायचा आणि काकांनी आणलेली भाजी बघून कपाळाला हात लावायचा, एवढंच उरलं. काका टोमॅटो आणायचे ते अर्धे पिचके, कोबी आणायचे तो आतून काळा. आयुष्यभर एकेक टोमॅटो दाबून घेतलेल्या बाईला हे सोसवेना. आपल्या पायांनी खाली जायचं आणि आपल्या हाताने भाजी निवडायची, ह्यापलीकडे त्यांना काही नको होतं. रात्री कूस बदलताना गुडघ्यातून कळ आली की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते कुणी बघू नये म्हणून त्या साहेबाच्या अंगात तोंड खुपसायच्या.

मोठ्या मिनतवारीने गुडघा बदलायची तारीख मिळाली. त्याआधी मुलाने आणि काकांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं आणि इस्पितळात एका नर्सने कापूस गुंडाळलेली काडी त्यांच्या नाकात फिरवली. गुडघ्याच्या ऑपरेशनला नाक कशाला, ह्यावरून काकूंनी तिला बरंच ऐकवलं. चार दिवसांनी सर्जनने बोलावलं. गृहस्थ इतका हळू बोलायचा की काकूंना तो काहीतरी लपवतोय असंच वाटायचं. त्याने सांगितलं, की तुमच्या नाकात असे जंतू सापडलेत ज्यांच्यावर नेहमीची औषधं चालत नाहीत. नाकात आहेत तोवर तुम्हाला त्रास नाही. पण नव्या धातूच्या गुडघ्यात शिरले तर गुडघा काढावा लागेल, कदाचित पायही. जंतू जाईपर्यंत ऑपरेशन नाही.

काकूंच्या पायाखालची जमीन सरकली. पण घरी पोचेपर्यंत त्यांना आरोपी सापडला होता. कामवाली बाई! दहा घरची धुणीभांडी करते, तिनेच आणलं असणार. बाईनंतर संशय काकांवर आला, काकांनंतर त्या नर्सवर, आणि शेवटी सुनेवर, कारण ती बसने कामाला जाते. स्वतःच्या नाकाचा दोष स्वतःकडे यायची वाट काकूंनी चारी बाजूंनी बंद केली होती.

नाकात लावायचं मलम आणि अंघोळीचा जंतुनाशक साबण मिळाला. काकूंनी पाच दिवस अगदी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. गुडघ्यासाठी त्या स्वतःच्या शास्त्राच्या विरुद्धही जायला तयार होत्या. नाक स्वच्छ निघालं. नवी तारीख मिळाली. काकूंनी कापडी पिशवी धुऊन खुंटीला लावली, खाली जाण्यासाठी. आणि ऑपरेशनच्या आधी पुन्हा काडी फिरली, तर जंतू हजर.

काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. गॅलरीत बसून राहिल्या. साहेब आला, त्यांच्या मांडीवर चढला आणि तोंड चाटायला लागला. दारात उभ्या असलेल्या सुनेने ते पाहिलं. ती म्हणाली, "आई, सगळ्यांची नाकं तपासून घेऊ. साहेबाचंही."

काकूंना मिरच्या झोंबल्या. पण गुडघा पुढे दिसत होता. तपासण्या झाल्या. काका स्वच्छ. मुलगा स्वच्छ. सून स्वच्छ, ते जरा खटकलंच. कामवाली बाई तर अगदी स्वच्छ, आणि तिने ते ऐकून भांडी इतकी आपटली की चारही मजल्यांना कळलं. राहिला साहेब. त्याच्या नाकात आणि पायाच्या जखमेत तेच जंतू निघाले.

जनावरांचे डॉक्टर वयस्कर होते आणि थोडे थकलेले. साहेबाची मजबूत फी देऊन सून आणि काकू त्यांच्यासमोर बसल्या. ह्याला आजवर काय काय दिलं, असं त्यांनी विचारलं. काकूंना वाटलं, आता आपली विद्या दाखवायची वेळ आली. त्यांनी सविस्तर सांगितलं: साध्या कधी, जोरदार कधी, काकांच्या कुठल्या, अर्धी कधी केली. डॉक्टर ऐकता ऐकता चष्मा काढून टेबलावर ठेवून बसले.

"आणि पूर्ण किती वेळा दिल्या?"

"पूर्ण कशाला? बरं वाटलं की थांबवायच्या."

"काकू," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही घरात जंतूंची शिकवणी चालवलीत. औषध थोडं द्यायचं, जे दुबळे असतील ते मरतात, जे टिकतात त्यांना पुढची गोळी दाखवायची. सगळ्या परीक्षा पास झालेत ते तुमच्याकडे."

मग कुत्र्याने मला दिलं का, असं काकूंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्याने तुम्हाला किंवा तुम्ही त्याला, हे आता देवालाही सांगता येणार नाही. सध्या तुम्ही दोघं एकमेकांना देताय एवढं नक्की. जखम बरी होईपर्यंत चाटाचाटी बंद, एका अंथरुणात झोपणं बंद, त्याची गादी टाकून द्या आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या औषधाच्या दुकानात नेऊन द्या, ते नष्ट करतील.

पुढचे दिवस काकूंनी फार जड काढले. साहेब दाराबाहेर कण्हायचा आणि आत काकू उशीवर हात फिरवायच्या. काकांनी एकदा धीर द्यायला हात पुढे केला, तर तो धुतलाय का असं त्यांना विचारण्यात आलं. पण साहेबाची जखम खरंच भरली. पुन्हा मलम लावल्यावर काकूंचं नाक स्वच्छ झालं आणि स्वच्छ राहिलं. एकच गोष्ट बाकी होती. सून रोज विचारायची, आई, गादी आणि डबा गेला का?

टाकायचं काकूंच्या जिवावर आलं होतं. गादी तर कापसाची, जाड, फक्त एका कोपऱ्यात जरा डाग. आणि डबा! आयुष्याची जमवाजमव होती ती. नेमकी त्याच वेळी समोरच्या दारातली शेजारीण आली. तिचा नवरा शिंपी. त्याला सगळे मास्तर म्हणत. दिवसभर त्याच्या पायमशीनचा आवाज जिन्यात यायचा आणि काकूंना तो सवयीने ऐकूही येत नसे. शेजारणीने मांजर पाळलं होतं आणि त्या मांजराच्या मानेला गळू झालं होतं. काकूंचा चेहरा खुलला. त्यांनी डबा तिच्या हातात ठेवला, लेकीला दागिना द्यावा तसा, आणि आपलं सगळं शास्त्र सांगितलं: साधी आधी, मग जोरदार, बरं दिसलं की थांबव, उरलेलं जपून ठेव. शेजारीण म्हणाली, एवढं सगळं मला? तुम्हाला तर टाकून द्यायला सांगितलंय ना? काकू म्हणाल्या, "टाकायच्या कशाला, चांगल्या आहेत की गोळ्या!" आणि वर गादीही दिली. मांजराला मऊ होईल.

सुनेला त्यांनी सांगितलं, गेलं सगळं. आणि ते खोटंही नव्हतं.

ऑपरेशन छान झालं. काकू आधी काठीने चालल्या, मग कठड्याला धरून, आणि एका सकाळी पिशवी घेऊन एकट्या तीन मजले उतरल्या. बाजारात त्यांनी एकेक टोमॅटो दाबून पाहिला. भाजीवाला म्हणाला, बऱ्याच दिवसांनी आलात, आता माझी खैर नाही. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच्याशी घासाघीस करायचं विसरून पैसे दिले. पुन्हा जिना चढताना मात्र त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. तिसरा मजला आला तेव्हा कळलं. मशीनचा आवाज नव्हता.

समोरचं दार उघडं होतं. शेजारीण नवऱ्याचे कपडे पिशवीत भरत होती. मशीनखाली साहेबाची गादी होती आणि तिच्यावर मांजर झोपलं होतं. काकू दारातच थांबल्या. शेजारीण सांगू लागली. मास्तर मशीन थांबवलं की पाय त्या गादीवर टेकायचे, ऊब म्हणून. मांजराने खेळता खेळता अंगठ्याला ओरबाडलं. त्यांना शुगर, त्यामुळे आधी कळलंच नाही. मग सूज आली. तिने काकूंनी सांगितल्याप्रमाणेच सगळं केलं होतं: आधी साधी, मग जोरदार, अर्धी मांजराला आणि अर्धी मास्तरांना. उतार दिसला की थांबवत होती. आता ते इस्पितळात होते. तिथलं कुठलंच औषध लागू पडत नव्हतं आणि डॉक्टर घोट्यापासून पाय काढायचं बोलत होते. पायाशिवाय मशीन कसं चालणार, एवढंच मास्तर विचारत होते.

शेजारीण रागावली नव्हती. रागावली असती तर काकूंना बरं झालं असतं. तिने फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं आणि काकूंसमोर धरला.

"काकू, ह्यातली एकदम जोरदार कुठली ते सांगा. लपवून नेते आणि देते त्यांना."

काकूंनी डब्यात पाहिलं. रंगीत तुकडे, अर्धवट नावं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्यातली एकही ओळखू येईना. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की नजर वर करवेना.

"टाकून दे तो," त्या म्हणाल्या. "मला काही कळत नाही त्यातलं. टाक."

शेजारणीने डबा छातीशी धरला.

"टाकू कशी काकू," ती म्हणाली, "चांगल्या आहेत की गोळ्या."

काकू तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या. नवा गुडघा अगदी सहज वाकला, जराही कळ आली नाही.